युनियनची पावती फाडायची की नाही? सही करायच्या आधी एवढं वाचा

परवा रात्री साडेअकराला शेजारच्या वहिनींचा मुलगा दार वाजवून आत आला, हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये एका फॉर्मचा फोटो. महापेला एका कंपनीत पर्मनंट होऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झालेत. "काका, उद्या सकाळी फर्स्ट शिफ्टला द्यायचाय, सही करू का?" फोटो झूम करून बघितला तर वरच्या अर्ध्या पानावर सभासद अर्ज, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात चार ओळी, की माझ्या पगारातून दरमहा रुपये अमुक कापून युनियनच्या खात्यात जमा करावेत. रकमेची जागा कोरी, तारखेची पण कोरी. म्हटलं बाबा आधी बस, पाणी पी, उद्या सही करायची नाही, परवा केलीस तरी आभाळ कोसळत नाही.

मग एक वाजेपर्यंत जे बोललो तेच इथे लिहून ठेवतोय, कारण कळवा-ऐरोली-घणसोली पट्ट्यात दर महिन्याला असा कोणीतरी पोरगा भेटतोच. मी स्वतः रबाळे एमआयडीसीत बावीस वर्षं मशीनवर आहे, तीन वर्षं युनियनच्या कमिटीत होतो, आणि त्याच्याही आधी एकदा चांगला फसलोय, ते पुढे सांगतो. वकील नाही, पण लेबर ऑफिसच्या पायऱ्या भरपूर झिजवल्यात.

पहिली गोष्ट, कोणी कितीही दरडावून सांगो, युनियनची पावती फाडणं, म्हणजे वर्गणी भरून सभासद होणं, कायद्याने सक्तीचं नाही. आणि पावती फाडली म्हणून कंपनी कामावरून काढू शकत नाही. दोन्ही बाजू लक्षात ठेवा, कारण गेटच्या बाहेर लोक पहिली लपवतात आणि एचआरच्या केबिनमध्ये दुसरी. घटनेच्या कलम १९(१)(क) मध्ये संघटना करायचा हक्क दिलाय, तो हक्क आहे, हजेरीपट नाही. आपल्या महाराष्ट्राचा १९७१ चा जो कायदा आहे, युनियनला मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथा रोखण्याचा, ज्याला सगळे एमआरटीयू पीयूएलपी म्हणतात, त्यात अनुचित प्रथांच्या, म्हणजे चालणार नाही अशा वागणुकीच्या, वेगवेगळ्या याद्या आहेत, मालकांच्या वेगळ्या आणि युनियनची वेगळी. मालकाने 'युनियनमध्ये गेलास तर बघ' म्हणणं मालकांच्या यादीत, आणि युनियनने कामगाराला धाकदपटशा करून आत ओढणं युनियनच्या यादीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे नवे लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झालेत त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडच्या दुसऱ्या परिशिष्टात पण हेच आहे. युनियनमध्ये जायला किंवा न जायला, दोन्हीसाठी जबरदस्ती चालत नाही.

आता मधेच एक विषयांतर, पण गरजेचं. या पोराचा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की आमच्याकडे 'राइट टू वर्क' कायदा आहे, युनियनची भानगडच नाही, तुमच्याकडे पण असा कायदा हवा. पोरगं मला विचारतं, राइट टू वर्क म्हणजे कामाचा हक्क ना, तो तर आपल्याकडे रोजगार हमीत आहे? नाही रे. आपल्याकडे 'कामाचा हक्क' म्हटलं की रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे आठवतात, ७२ चा दुष्काळ आठवतो, १९७७ चा रोजगार हमी कायदा आठवतो, म्हणजे मागेल त्याला काम. अमेरिकेत त्याच शब्दांचा अर्थ भलताच आहे. तिकडे १९४७ साली टाफ्ट-हार्टली कायदा आला, त्याच्या कलम १४(ब) ने प्रत्येक राज्याला मुभा दिली की हवं तर असा नियम करा, की नोकरी टिकवायला युनियनला पैसे भरावेच लागतील अशी अट कोणी घालायची नाही. आज २६ राज्यांत तो नियम आहे, टेक्सास त्यातलंच, न्यू जर्सीत मात्र नाही. मिशिगनने केला होता आणि २०२३ मध्ये परत मोडीत काढला. सरकारी नोकरांसाठी तर २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने जेनस खटल्यात देशभर सांगून टाकलं की फी सक्तीने घ्यायची नाही. म्हणजे त्यात ना कामाची हमी, ना युनियनला बंदी, भांडण फक्त वर्गणी सक्तीची की ऐच्छिक एवढंच. आणि तिकडचे युनियनवाले का चिडतात तेही समजून घ्या, बहुमताने निवडलेल्या युनियनला तिथे सगळ्यांसाठी बोलावं लागतं, पैसे न भरणाऱ्यासाठीसुद्धा. फुकटे, असं म्हणतात ते त्यांना. आपल्याकडे वर्गणी ऐच्छिकच आहे त्यामुळे मावसभावाला कळवून टाक की तुझा तो कायदा आमच्याकडे मागायची गरज नाही, पण फुकट्यांचं भांडण मात्र आमच्याकडे पण आहे.

असो. फॉर्मवर येऊ.

त्या एका कागदावर खरं तर दोन कागद आहेत, हे नव्वद टक्के पोरांना कळत नाही (नव्वद हा माझा अंदाज, गेटवर उभं राहून काढलेला). वरचा भाग म्हणजे मी सभासद होतोय. खालचा भाग म्हणजे माझ्या पगारातून परस्पर कापा. दोन्ही वेगळं आहे. सभासद व्हायचं आणि वर्गणी हातात देऊन पावती घ्यायची, हे चालतं. पगारातून कापायला मात्र कंपनीला तुमची लेखी संमती लागते, जुन्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्ये पण तसंच होतं आणि नव्या वेज कोडमध्ये पण तसंच आहे, तेही रजिस्टर्ड युनियनच्या वर्गणीसाठीच. म्हणून खालच्या भागावर सही करणार असाल तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात स्वतःच्या हाताने लिहा, तारीख घाला, आणि सहीनंतर लगेच मोबाईलवर फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर सही करायची नाही, बस्स, यात वाद नाही.

माझं काय झालं ते सांगतो. तेव्हा नवीनच लागलो होतो, सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर एकाने बाईकच्या सीटवर फॉर्म ठेवला, पाऊस होता, म्हणाला कर रे सही, सगळ्यांनी केलीय. केली. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका गटाने फॉर्म आणला, त्यात माझे खात्यातले मित्र होते, मित्रांना नाही कसं म्हणायचं, त्यावरही केली. मला वाटलं पहिलं आपोआप रद्द झालं असेल. पगारस्लिप कोण बघतं तेव्हा, नेट पगार बघायचा आणि खिशात घालायचा. चौदा महिन्यांनी बहिणीच्या लग्नासाठी सोसायटीचं लोन काढायला गेलो, क्लार्कने स्लिप समोर ठेवून विचारलं, ह्या दोन कपाती कसल्या? एक तीसची, एक पन्नासची. दोन युनियन, दोघांना माझे पैसे, आणि दोघांच्याही सभासद यादीत मी. त्याहून वाईट म्हणजे तेव्हा कोणाचे किती सभासद याची तपासणी चालू होती, त्यात माझं नाव दोन्हीकडे, साहेबांनी बोलावून विचारलं तू नक्की कुणाचा? सगळ्या खात्यासमोर. आजही कँटीनमध्ये कोणीतरी तो किस्सा काढतोच.

तपासणीचा मुद्दा आला म्हणून सांगतो, तुमची एक सही एवढी का मोलाची आहे. १९७१ च्या कायद्यात ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मान्यताप्राप्त युनियन, म्हणजे कंपनीशी बोलणी करणारी अधिकृत युनियन, व्हायला किमान ३० टक्के कामगार लागतात, तेही अर्जाच्या आधीचे सहा महिने सलग, आणि मान्यता एकाच युनियनला मिळते. नव्या कोडमध्ये गणित वेगळं, एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरचे ५१ टक्के ज्याच्याकडे तो एकटा वाटाघाटी करणार, आणि कोणाकडेच ५१ नसतील तर किमान २० टक्के असलेल्या युनियन मिळून वाटाघाटीचं कौन्सिल. म्हणजे शंभर जणांच्या प्लांटमध्ये एका सहीने इकडचं तिकडे होऊ शकतं, म्हणूनच पहिल्या पगाराच्या आत तुमच्या मागे लोक लागतात, तुमच्या प्रेमापोटी नाही.

मग युनियन चांगली की वाईट कसं ओळखायचं? मी तरी पुढाऱ्याची गाडी आणि भाषण बघत नाही. आधी रजिस्ट्रेशन नंबर विचारतो, पावतीवर छापलेला असतोच, नसेल तर तिथेच थांबा. मग विचारायचं की कमिटीत आपल्या प्लांटचे किती आणि बाहेरचे किती, कारण कायद्याने कारखान्यासारख्या संघटित ठिकाणी बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातलं जे कमी असेल त्याच्यापेक्षा जास्त नसावेत. शेवटची निवडणूक कधी झाली? हा प्रश्न विचारल्यावर समोरचा हसला किंवा 'आपल्यात निवडणुका नसतात, सगळं एकमताने होतं' असं म्हणाला तर समजून जा. आणि हिशोब. सभासदाला युनियनची हिशोबाची वही आणि सभासद यादी बघायचा अधिकार आहे, ही काही मेहेरबानी नाही, १९२६ च्या ट्रेड युनियन्स ॲक्टपासून आहे. आणखी एक बारीक गोष्ट, राजकीय कामासाठी वेगळा फंड काढता येतो पण त्यात पैसे द्यायची सक्ती करता येत नाही आणि नाही दिले म्हणून सभासद म्हणून दुजाभाव करता येत नाही. निवडणुकीच्या वर्षी 'विशेष निधी' नावाची पावती आली की ही ओळ आठवा.

सगळ्यात जास्त पैसे जिथे जातात ती जागा वेगळीच आहे, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. सेटलमेंट. तीन-चार वर्षांचा करार होतो, वाढ मागच्या तारखेपासून लागते, हातात एकदम मोठा एरियर्स येणार असतो, सगळे खुशीत, पेढे वाटतात, आणि त्याच दिवशी टेबलावर दोन कागद येतात. एक करार मान्य असल्याचं, दुसरं एरियर्समधून युनियनचा फंड कापायच्या संमतीचं. महिन्याच्या पन्नास रुपयांवर घासाघीस करणारा माणूस तिथे हजारो रुपयांवर न वाचता सही करतो. मी देऊ नका म्हणत नाही, मी स्वतः दिलेत, कोर्टकचेरी, वकील, मुंबईच्या फेऱ्या, हे काय हवेवर होतं का. पण किती टक्के, कशासाठी, आणि पावती मिळणार का, हे विचारून द्या. युनियनच्या जनरल मीटिंगमध्ये तो आकडा ठरला होता का तेही विचारा.

आता समजा तुम्ही ठरवलं की नकोच, मी कुठेच जात नाही. ठीक आहे. पगारवाढ मिळेल का? मान्यताप्राप्त युनियनने केलेला किंवा लेबर ऑफिसरसमोर समेटात झालेला करार सगळ्यांना लागू होतो, सभासद असो नसो. कंपनी आणि एखादी साधी युनियन यांच्यात आपापसात झालेला करार मात्र जुन्या इंडस्ट्रियल डिस्प्युट ॲक्टच्या कलम १८(१) प्रमाणे फक्त सही करणाऱ्यांना बांधतो, म्हणून तर कंपन्या एकेकाकडून मान्यतेचा कागद भरून घेतात. पण वाढ मिळणं एक आणि चार्जशीट मिळाल्यावर शेजारी कोणीतरी बसणं दुसरं. डोमेस्टिक इन्क्वायरीत, म्हणजे कंपनीच्या आतल्या चौकशीत, तुम्ही एका बाजूला, समोर एचआर, वकील, टायपिस्ट, आणि तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी, हे मी बघितलंय. हुशार पोरगा होता, मला कुणाची गरज नाही म्हणायचा, आणि वाकड्या इंग्रजीतल्या जबाबावर सही करून बसला. म्हणून माझं मत विचाराल तर सभासद व्हा, पण एकाच ठिकाणी, वाचून.

आणि सभासदत्व ऐच्छिक आहे एवढ्याने सगळं सुटत नाही, हेही त्या पोराला सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेले. पण १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टप्रमाणे गिरणी उद्योगात प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कायद्याने बोलणी करायचा अधिकार तिचाच. कामगार एकीकडे, शिक्का दुसरीकडे. तेव्हा तुमच्या कंपनीत मान्यता कोणाकडे आहे हे आधी माहीत करून घ्या, नाहीतर मनाने एका युनियनमध्ये आणि कराराने दुसरीच्या, अशी गत होते.

सोडायचं असेल तर? तोंडी सांगून काही होत नाही. 'अरे मी आता तुमच्यात नाही' असं चहाच्या टपरीवर सांगितलं तर कपात चालूच राहते, माझी राहिली होती. एका कागदावर साध्या मराठीत लिहायचं:

"प्रति, सेक्रेटरी, (युनियनचं नाव). विषय: सभासदत्वाचा राजीनामा व वर्गणी कपातीची संमती मागे घेणेबाबत. मी (नाव), टोकन नंबर (अमुक), (अमुक) विभाग, आजपासून आपल्या युनियनच्या सभासदत्वाचा राजीनामा देत आहे. दिनांक (अमुक) रोजी पगारातून वर्गणी कापण्यासाठी दिलेली लेखी संमती मी या पत्राने मागे घेत आहे. पुढील पगारापासून कपात करू नये. प्रत: एचआर विभाग."

बस, एवढंच. कारण लिहायचं नाही, शिव्या तर अजिबात नाही, मी पहिल्या ड्राफ्टमध्ये दीड पान तक्रारी लिहिल्या होत्या, कमिटीतल्या एका जुन्या माणसाने फाडून टाकला, म्हणाला उद्या ह्याच लोकांसोबत काम करायचंय ना? तीन प्रती काढा. एक युनियनला, एक एचआरला, आणि तिसरीवर दोघांची पोच. पोच देत नाहीत असं बरेचदा होतं, तेव्हा पोस्टातून पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि ती चिठ्ठी जपा. युनियनची घटना मागून राजीनाम्याचा नियम काय ते बघा, कुठे एक महिन्याची नोटीस असते. मग पुढच्या दोन पगारस्लिप बघायच्या, कपात थांबली तर छान, नाही थांबली तर संमती मागे घेतल्यावर कापलेले पैसे परत मागायचं पत्र एचआरला, कारण कापतंय कोण? युनियन नाही, कंपनी. माझ्या वेळी दुसऱ्या महिन्याला थांबली, आधीचे गेले ते गेले, सही माझीच होती.

दबाव आला तर काय, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. साहेबाने केबिनमध्ये बोलावून 'ट्रान्सफर करीन' म्हटलं, किंवा युनियनवाल्यांनी 'गेटवर बघतो' म्हटलं, तर त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, कोण काय बोललं आणि शेजारी कोण होतं ते लिहा. जसंच्या तसं, त्यांच्या शब्दात. आठ महिन्यांनी कोर्टात 'साधारण दिवाळीच्या सुमारास' हे चालत नाही. १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथेच्या तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे बघू, करू, गणपती झाल्यावर, असं करत बसलात तर गाडी चुकली. ठाण्यात इंडस्ट्रियल कोर्ट आहे, लेबर कोर्ट आहे, कामगार उपायुक्तांचं ऑफिस आहे. नवे कोड आल्यामुळे अर्ज नेमका कुठल्या कलमाखाली आणि कोणाकडे द्यायचा हे तिथेच आधी विचारून घ्या, जुना फॉर्म भरून चार तास लाईनीत उभं राहू नका.

थोडं इतरांसाठी. कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी सभासद होता येतं, ठेकेदार 'तुमचं काय काम युनियनमध्ये' म्हणाला तर ते त्याचं मत. ऐरोलीच्या आयटी पार्कातले मित्र म्हणतात आम्ही कामगार नाही, डेझिग्नेशनमध्ये मॅनेजर लिहिलंय. डेझिग्नेशन नाही, काम बघतात, खरोखर व्यवस्थापनाचं काम करत असाल तर गोष्ट वेगळी, आणि सुपरव्हायजर असाल तर नव्या कोडमध्ये १८,००० च्या वर पगार गेला की कामगाराच्या व्याख्येतून बाहेर. वाशी मार्केटमधल्या माथाडी भावांचं अजून निराळं, १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे माथाडी बोर्डात नोंद असणं ही एक गोष्ट आणि युनियनची पावती ही दुसरी, मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम) बोर्डातून फिरते, पावती नाही फाडली म्हणून बोर्डाची नोंद जात नाही. आणि सभासद झाल्यावर कोणी म्हणालं उद्या सगळ्यांनी मिळून सीएल टाकूया, तर जरा थांबा, निम्मे किंवा जास्त लोकांनी एकदम कॅज्युअल रजा टाकली तर नव्या कोडमध्ये तो संपच धरला जातो, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते.

तो पोरगा दुसऱ्या दिवशी फॉर्म न देता आला. तिसऱ्या दिवशी रजिस्ट्रेशन नंबर विचारला, निवडणुकीचं विचारलं, रक्कम चाळीस रुपये अशी स्वतः लिहिली, सही केली, फोटो काढला आणि मला पाठवला. तारीख टाकायला विसरला होता. परत पाठवलाय त्याला.